खालून येतंय काहीतरी: सस्पेन्शनच्या आवाजांवर वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की या सदरातल्या पत्रांचा सूर बदलतो. वायपर आणि गळकी दारं मागे पडतात आणि ‘खालून आवाज येतोय’ सुरू होतं. खड्ड्यात पाणी साचलं की त्याची खोली कळत नाही. चाक आपटतं, बॉल जॉइंटच्या (चाक आणि सस्पेन्शन जोडणाऱ्या गोल सांध्याच्या) रबरी बुटाला, म्हणजे टोपणाला, चीर जाते, त्यातून गढूळ पाणी आत शिरतं. आत ग्रीसच्या जागी चिखल तयार होतो आणि दोन-तीन महिन्यांनी खडखड. या वेळी अशीच पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक ६२,००० किलोमीटर चालली आहे. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून डावीकडून खट-खट येतं. गॅरेजमध्ये ‘शॉकअप गेले’ म्हणून पुढचे दोन्ही बदलले. आवाज तसाच आहे, उलट आता उजवीकडूनही येतो. गंमत म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवर काहीच वाजत नाही.
(प्राध्यापिका, डोंबिवली)

उत्तर: तुम्ही जिला गंमत म्हणता तिथेच निदान आहे. स्पीडब्रेकरवर पुढची दोन्ही चाकं एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत मात्र डावं वर असतं तेव्हा उजवं खाली असतं. हा फरक ज्याला सगळ्यात जास्त कळतो तो भाग म्हणजे स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकांना जोडणारा हा दांडा चाकं उलटसुलट हलली तरच पिळला जातो. एकत्र हलली तर आपल्या बुशांत, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरांत, नुसता फिरतो. त्याला शॉकअपशी जोडणारी, दोन्ही टोकांना छोटा बॉल असलेली सळई म्हणजे लिंक रॉड. बॉलमध्ये मिलिमीटरभरही प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की प्रत्येक दणक्याला तो वाटीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. आवाज शॉकअपच्या नळीतून थेट केबिनमध्ये.

शॉकअप खरोखर गेला की गाडी वाजते कमी, डुलते जास्त. ब्रेकर ओलांडल्यावर पुढचा भाग एकदा खाली येऊन स्थिरावायला हवा. दोन-तीनदा झुलत राहिला तर शॉकअपवर संशय घ्या. वरच्या सीलजवळ तेलाचा पुसट ओलावा चालतो. तेल नळीवरून ओघळून खालच्या ब्रॅकेटपर्यंत आलं असेल तर चालत नाही.

उजवीकडचा आवाज नवीन का? तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत लिंक रॉडचं वरचं टोक शॉकअपच्या नळीवरच बसतं, त्यामुळे शॉकअप काढताना लिंक सोडावीच लागते. नटवर एअर गन लावली की नटाबरोबर आतला बॉलही गरगर फिरतो, बूट पिळून फाटतो आणि प्लास्टिकची वाटी घासली जाते. हे होऊ नये म्हणून बोल्टच्या टोकाला षटकोनी खाच असते. तिच्यात ॲलन की घालून, बहुधा ५ किंवा ६ मिलिमीटरची, बॉल धरून ठेवायचा आणि नट साध्या पान्याने सोडायचा. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. काम दहा मिनिटांनी वाढतं, म्हणून गनवर हात जातो.

खात्री करायला नवा भाग विकत घ्यायची गरज नाही. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो. लिंक हलवून पाहिली तरी ताठ लागते आणि ‘लिंक ठीक आहे’ असा चुकीचा निकाल निघतो. तपासणीत सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. दोन्ही लिंक काढून हातात घ्या आणि बोटाने बॉलचा बोल्ट वाकवा. नवा बोल्ट बोटाला विरोध करतो आणि सोडाल त्याच कोनात उभा राहतो. संपलेला आपल्याच वजनाने लुळा पडतो.

तरी शंका राहिली तर लिंक न लावता, बारची टोकं टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागणार नाहीत अशी तारेने बांधून, गाडी त्याच गल्लीतून ताशी २० किलोमीटरच्या आत फिरवा. वळणावर गाडी जास्त कलेल, म्हणून मुख्य रस्त्यावर नेऊ नका. आवाज गेला तर दोन्ही बाजूंच्या नव्या लिंक आणि नवे लॉकनट बसवा. फक्त लिंक बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागत नाही.

आवाज राहिलाच तर शॉकअपच्या कामाचीच फेरतपासणी करून घ्या. वरचा मधला नट पुरेसा घट्ट आहे का, स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या पायरीला नीट टेकलंय का, आणि नव्या शॉकअपवर जुनंच दमलेलं माउंटिंग (माथ्यावरची रबरी बैठक) चढवलंय का? तिसरी गोष्ट फार वेळा घडते.

प्रश्न: सोसायटीच्या गेटवरच्या ब्रेकरवर रोज सकाळी गाडी कुईं-कुईं करते, जुन्या पलंगासारखी. सर्व्हिसिंगला खालून डिझेल आणि ऑइलचा फवारा मारला. आठ दिवस शांत, मग आधीपेक्षा जास्त.
(बँक कर्मचारी, नाशिक)

उत्तर: तो फवारा पुन्हा मारू देऊ नका. डिझेल आणि खनिज तेल रबरात मुरतं. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. आठ दिवसांची शांतता ही बुशच्या आयुष्यातून काढलेली उचल असते.

कोणता बुश कुरकुरतो ते शोधायला लिटरभर पाण्याची बाटली पुरते. एकाने बॉनेटची कड दाबून गाडी झुलवावी, दुसऱ्याने एका वेळी एकाच बुशवर पाणी ओतावं: आधी स्टॅबिलायझर बारचे इंग्रजी डी अक्षरासारखे दोन बुश, मग लोअर आर्मचे (चाकाला खालून चासीशी जोडणाऱ्या दांड्याचे), मग स्प्रिंगच्या बैठकीचं रबर. ज्यावर पाणी पडताच कुईं बंद होतं तो दोषी. दोन बुशांवर एकदम ओतलंत तर काहीच कळणार नाही.

बहुतेक वेळा डी-बुशच निघतो. ब्रॅकेटचे बोल्ट काढून बारवरचा गंज पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खरखरीत बारवर नवा बुशही वर्षभरात खरवडतो. जुन्या बुशची चीर ज्या दिशेला होती त्याच दिशेला नव्याची ठेवा. बोल्ट आवळताना दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असू द्या. वंगण लावायचंच तर फक्त सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बुश बारला चिकटवलेल्या प्रकारचा नसेल तरच.

प्रश्न: ब्रेक दाबला की खालून एकच ‘धप्प’, रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघालो की तसंच. चार महिन्यांपूर्वी लोअर आर्मचे बुश बदलले होते. भाग ओरिजिनल होता, बिल आहे. इतक्यात कसे जातील?
(औषधविक्रेते, इस्लामपूर)

उत्तर: लक्षणं लोअर आर्मच्या मागच्या, मोठ्या बुशची आहेत. ब्रेक लागताना चाक मागे ओढलं जातं आणि ती ओढ मुख्यतः तोच झेलतो. बुश चांगला असूनही चार महिन्यांत गेला असेल, तर पहिला संशय बसवण्यावर घ्यायचा.

हा बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मधे दोघांना चिकटवलेलं रबर. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी रबरात घसरत नाही, रबर पिळलं जातं. बोल्ट आवळला की नळी चासीला पकडली जाते आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात आहे ती रबराची ‘आरामाची’ जागा ठरते. आता गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळताहेत, आर्म खाली झुकलाय, आणि मेस्त्रीने तसाच बोल्ट आवळला. गाडी खाली उतरताच आर्म वर येतो आणि रबर पिळलेलं राहतं, गेटमध्ये उभ्या गाडीतसुद्धा. वर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. महिन्यांतच रबर कडेने सुटायला लागतं. काढलेला बुश मागून घ्या आणि पाहा: रबर नळीच्या एकाच अंगाला चंद्रकोरीसारखं फाटलेलं असेल तर कारण हेच.

म्हणून या वेळी जॅक लावायच्या आधी टेप काढा. गाडी सपाट जमिनीवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. समजा ३६५ मिलिमीटर आली. नवा बुश बसवताना बोल्ट फक्त हातघट्ट ठेवायचे. मग बॉल जॉइंटच्या खाली दुसरा जॅक घेऊन, मधे लाकडाचा ठोकळा ठेवून, तेच अंतर पुन्हा ३६५ होईपर्यंत आर्म उचलायचा आणि तेव्हाच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचा. गॅरेजमध्ये चाकांसकट वर घेणारी लिफ्ट किंवा खड्डा असेल तर फारच सोपं: गाडी चाकांवर उभी करून आवळा.

आणखी एक. काही बुशांत रबराला मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. कड्यावरची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. बुश प्रेसवर दाबून बसवायचा, हातोड्याने ठोकून नाही. ठोकल्यावर कडं अंडाकार होतं. ८०-९० हजार किलोमीटरच्या पुढे असाल आणि बॉल जॉइंट आर्मला कायमचा जोडलेला असेल, तर बुशच्या मागे न लागता पूर्ण आर्म घ्या. मजुरी एकदाच पडते. नंतर अलाइनमेंट मात्र करावीच लागेल.

प्रश्न: बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं असं ऐकलं. घरी तपासता येतो का?
(गृहिणी, ठाणे)

उत्तर: ऐकलंत ते खरं आहे, आणि तपासता येतो. चाक उचला, गाडी घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. चाक घड्याळ समजून १२ आणि ६ वर पकडा आणि आतबाहेर हलवा. टक लागलं तर सोबतच्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचा बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश. मग ३ आणि ९ वर पकडून हलवा: इथला प्ले सहसा टाय रॉड एंडचा किंवा आतल्या रॅक एंडचा, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याच्या दोन टोकांच्या सांध्यांचा. टाय रॉड एंडवर बोट ठेवलं की कोण वाजतंय ते बोटालाच कळतं. बॉल जॉइंटमध्ये हाताला जाणवेल इतका प्ले असेल तर गाडी लांब नेऊ नका, जवळच्या गॅरेजलाच न्या. बूट नुसता फाटलाय, प्ले नाही, अशा वेळी काही दिवस मिळतात. पावसाळ्यात तेही धरू नका.

प्रश्न: पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं स्टीअरिंग वळवलं की टण्ण! गिटारची तार तुटावी तसं.
(संगणक अभियंता, पुणे)

उत्तर: शॉकअपच्या माथ्यावरचा बेअरिंग अडकतोय. चाक वळताना स्प्रिंगने त्यावर सहज फिरायला हवं. बेअरिंग गंजला की स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग झटक्यात सुटते. सोबत्याला सावकाश स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला तळहात टेकवा, वेढ्यांच्या मधे बोट घालू नका. टण्ण होताना तळहाताला उडी जाणवेल. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर संशय आणखी पक्का.

बेअरिंग आणि माउंटिंग दोन्ही बाजूंना बदला. पण हे घरचं काम नाही. माथ्यावरचा मधला नट सोडायच्या आधी स्प्रिंग कंप्रेसरने दाबलेली असलीच पाहिजे, नाहीतर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. शॉकअप काढताना चाकाच्या बाजूच्या दोन बोल्टांवर रंगाने खुणा करून घ्यायला सांगा. तिथे कोन किंचित बदलला तरी टायर एका कडेने खातो.

पूर्ण वळवून गाडी चालवताना टक-टक-टक येतं, वेगाबरोबर वाढतं, उभ्या गाडीत येत नाही? ते प्रकरण वेगळं. तो अ‍ॅक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा सांधा.

प्रश्न: कच्च्या रस्त्यावर पुढे बारीक खडखड येते. ब्रेकला पाय नुसता लावला तरी थांबते.
(शिक्षक, कणकवली)

उत्तर: मग सस्पेन्शनला हात लावू नका. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सैल झाल्या असतील किंवा पॅडच्या बाजूची पत्र्याची क्लिप गळून पडली असेल. पॅड बदलताना जुन्या क्लिपा टाकून देतात आणि नव्या बसवत नाहीत, त्याचं हे फळ. क्लिपचा संच बदला, पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, पिनांचे रबर तपासा.

प्रश्न: मागून खडखड. दोन गॅरेज झाली, एकाने मागचे शॉकअप सांगितले, दुसऱ्याने अ‍ॅक्सलचा बुश. कोणाचं ऐकू?
(व्यावसायिक, बेळगाव)

उत्तर: अजून कोणाचंच नको. आधी डिकी पूर्ण रिकामी करा: जॅक, पाना, टोचन हूक, स्टेपनी, वरचा ट्रे, सगळं. मागच्या सीटची पाठ काढता येत असेल तर ती कुलपात नीट बसलीय का ते ढकलून पाहा. सीटबेल्टची मोकळी बकलं प्लास्टिकवर आपटतात, ती लावून टाका. मग तोच रस्ता. पत्र्याची डिकी मोठा डमरूच असते. तिच्यात सुटा पडलेला जॅक आणि संपलेला बुश कानाला सारखेच वाटतात.

अजून वाजत असेल तर थंड गाडीत सायलेन्सर हाताने हलवा, टांगणारे रबर ताणलेले असतील तर तो चासीला लागतो. नंतर शॉकअपचे वरचे-खालचे बुश. शेवटी स्प्रिंगचं खालचं टोक. तुमचं कोकणात जाणं-येणं असेल तर हे विसरू नका: खारट हवेने स्प्रिंगचा शेवटचा अर्धा वेढा तुटतो आणि तुकडा रबरी बैठकीत लपून बसतो, वरून काहीच दिसत नाही. दोन्ही बाजूंची टोकं ताडून पाहा.

अ‍ॅक्सलचा बुश सगळ्यात शेवटी. तो गेला तर खडखडीपेक्षा जड ‘धुब्ब’ येतो, आणि वळणावर मागचा भाग किंचित उशिरा वळतोय असं वाटतं.

टायरची हवाही मोजा, दारालगतच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यानुसार, टायर थंड असताना. ३३ च्या जागी ४० पीएसआय भरली तर धडधाकट गाडीही आदळते.

प्रश्न: पिकअपला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. रिकामी असताना करकर, भरल्यावर निघताना कडाड. मेस्त्री म्हणतो एक पाटा वाढवू.
(शेतकरी, फलटण)

उत्तर: पाटा वाढवून करकर जाणार नाही, गाडी रिकामी असताना ताठ मात्र होईल. आणि जादा पाट्यामुळे कागदावरची वजनाची मर्यादा वाढत नाही.

करकर पाट्यांच्या टोकांमधली. चासी उचलून चाकं लोंबकळू द्या, पाटे एकमेकांपासून सुटतात. तारेच्या ब्रशने माती काढा. टोकांना प्लास्टिकच्या चकत्या असतील तर त्या बदला, आणि अशा पाट्यांना ग्रीस लावू नका. चकत्या नसतील तर ग्रॅफाइट ग्रीस फिरवा. शेतातल्या धुळीत साधं ग्रीस लावलं तर त्याचीच पॉलिश पेस्ट होते.

कडाड जास्त गंभीर. आधी शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या दुव्याचे) बुश आणि पिना बघा. नंतर पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट. ते सैल असले की पाट्यांना मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टवर सगळा भार येतो, तो तुटतो आणि अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. घरी पाहायचं तर पाट्याच्या पुढच्या पिनेच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा. पाच-सात मिलिमीटरहून जास्त फरक आला तर गाडी भरू नका.

सेंटर बोल्ट तुटलेला निघाला तर यू-बोल्टही नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा तेवढे धरत नाहीत. चारही नट चौकडीच्या क्रमाने, थोडे थोडे, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा, पाटे दबून बसले की नट आणखी थोडे आवळले जातातच.